‘अजून जोर लाव’ म्हणणाऱ्यांसाठी

सोसायटीच्या गच्चीवर टाकीच्या झाकणाचा बोल्ट अडकला की भोवती चार माणसं जमतात आणि चौघांचा सल्ला एकच असतो: “अजून जोर लाव.” मुलुंड असो की बोरिवली, खिडकीची ग्रिल असो की स्कूटरचा मडगार्ड, निदान ठरलेलं. जोर कमी पडतोय! ऐकून ऐकून कान किटले. बहुतेक वेळा जोर कमी नसतो, जास्त असतो.

हिशोबच मांडू. 6 मिलिमीटरचा 8.8 दर्जाचा बोल्ट, म्हणजे ज्याला दहाचा पाना लागतो तो, साधारण 10 न्यूटन-मीटरला घट्ट करायचा असतो. 20 सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला 20 किलोचा भार दिला तर होतात जवळजवळ 40, म्हणजे चौपट. एवढ्यावर न थांबता कुणीतरी पान्यावर पाइप चढवतो. मग ‘कट्’ असा आवाज येतो, बोल्टचं डोकं हातात येतं आणि आटे आतच राहतात. पंधरा मिनिटांचं काम दिवसभराचं होतं, ते असं.

बोल्ट अडकतो कशाने, हे पाहिलं तर जोराचा आग्रह आपोआप गळून पडतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. नट आणि बोल्टच्या आट्यांमधल्या बारीक फटीत तो फुगतो आणि पाचरीसारखा बसतो. वर्सोवा-गोराईच्या खाऱ्या हवेत हे आणखी झपाट्याने होतं. पण हाच गंज ठिसूळही असतो. त्याला पिळत बसण्यापेक्षा तडा द्यायचा. बोल्टच्या डोक्यावर सरळ, नेमके, मोजके ठोके मारा. (ॲल्युमिनियमच्या इंजिन-केसिंगवर नको, ते तडकतं.) मग पातळ तेल सोडा आणि थांबा, जमलं तर रात्रभर. नंतर पाना आधी किंचित घट्ट करायच्या दिशेने फिरवा, मग उलट, मग पुन्हा थोडा घट्ट. इथे “अहो, सोडवायचाय ना, मग घट्ट कशाला करताय?” असं विचारणारा पाचवा माणूस हमखास उगवतो. त्याला शांतपणे सांगा, की असं मागे-पुढे केल्याने गंजाचा भुगा होतो आणि तेलाला आत जायला वाट मिळते.

पानाही बघून घ्या. दुकानात सहसा मिळणारा रिंग पाना आतून बाराकोनी असतो. कोपरे झिजलेल्या डोक्यावर तो घसरतो आणि उरलेले कोपरेही खातो. सहाकोनी सॉकेट कोपऱ्यांऐवजी सपाट बाजूंवर जोर देतं, म्हणून टिकतं. ॲडजस्टेबल पाना हा शेवटचा उपाय आहे, आपल्याकडे सुरुवातच त्याने होते.

दुसरा लाडका समज म्हणजे डब्ल्यूडी-40 मारला की झालं. नावातल्या ‘डब्ल्यूडी’चा अर्थच मुळी पाणी हटवणे असा आहे, आणि 40 म्हणजे चाळिसावा प्रयत्न. 1953 साली सॅन डिएगोच्या रॉकेट केमिकल कंपनीने तो गंज रोखण्यासाठी बनवला आणि तो अ‍ॅटलस क्षेपणास्त्राच्या पत्र्यावर वापरला गेला. अडकलेल्या बोल्टसाठी तीच कंपनी आज वेगळा स्प्रे विकते, यातच काय ते आलं. साधा डब्ल्यूडी-40 थोडाफार उपयोगी पडतो, पण फवारल्याच्या दुसऱ्या मिनिटाला पाना लावणाऱ्याला काहीच उपयोगी पडत नाही.

खोबरेल तेल? ते दाट असतं, बारीक फटीत उतरत नाही आणि जानेवारीत बाटलीतच गोठतं. त्यापेक्षा रॉकेल बरं.

कोला ओतल्याने सुटतो? सुट्या भागावरचा गंज थोडा निघेल, आट्यांच्या आतला नाही.

तापवल्यावर निघतो? निघतो, पण तापवायचा तो नट, बोल्ट नव्हे. आणि पेट्रोलची टाकी, गॅसची नळी किंवा नुकताच मारलेला स्प्रे जवळ असेल तर अजिबात नाही.

डावीकडे फिरवला की प्रत्येक आटा सुटतो? सायकलचं डावं पेडल आणि टेबल फॅनच्या पात्यांचा नट उलट आट्यांचा असतो.

स्क्रूचं डोकं गुळगुळीत झालं की दोष स्क्रूला दिला जातो. खरा दोषी बहुधा स्क्रू-ड्रायव्हर असतो. जपानी बनावटीच्या मोटरसायकलींवरचा अधिक चिन्हाचा स्क्रू दिसतो फिलिप्ससारखा, पण असतो जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या मापाचा. त्याच्या डोक्यावर बरेचदा एक छोटा ठिपका असतो. फिलिप्सचं टोक त्यात तळाला टेकत नाही आणि खाच खात सुटतं. तेव्हा जुळणारं टोक घ्या, हातोडीने एक टपली मारून बसवा, आणि फिरवण्यापेक्षा दाबण्यावर जास्त भार द्या. खाच आधीच गेली असेल तर गॅरेजमधली व्हॉल्व्ह घासायची पेस्ट टोकाला लावा. टोक आणि खाच यांच्यामध्ये रबर बँड ठेवायची युक्ती बारीक स्क्रूंपुरतीच चालते. त्यापुढे हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर, किंवा हॅकसॉने नवी खाच. एक्स्ट्रॅक्टर अगदी शेवटी. तो कडक पोलादाचा असतो, आत तुटला तर साधं ड्रिल त्याला कापू शकत नाही.

आणि एवढ्या खटपटीने काढलेला गंजका बोल्ट कृपया पुन्हा बसवू नका. नवा आणा, आट्यांना ग्रीस लावा, आणि हे काम पाऊस सुरू व्हायच्या आधी उरका.