तीन चाकांचे गणित

लास वेगासच्या एल कोर्टेझ कॅसिनोत आजही खरी नाणी गिळणारी जुनी स्लॉट यंत्रे पाहायला मिळतात. त्यांचा मूळपुरुष म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या चार्ल्स फे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घडवलेले ‘लिबर्टी बेल’. दांडा ओढला की स्प्रिंगच्या जोरावर तीन चाके फिरत आणि एकामागून एक थांबत. तीन घंटा जुळल्या की बक्षीस ५० सेंट! चाकावर १० चित्रे आणि त्यांत घंटा एकच धरली, तर ही शक्यता १,००० मध्ये एक. १९६० च्या दशकात बॅली कंपनीचे विजेवर चालणारे ‘मनी हनी’ ५०० नाण्यांपर्यंतचे बक्षीस स्वतःच मोजून देऊ लागले. आता निकाल चिप ठरवते, चाके तो फक्त दाखवतात. मागच्या हरण्याची भरपाई मात्र कोणतेच यंत्र करत नाही.