‘नंबर लावून देणे’ आणि सामायिक वेळनोंदणी

एकाच वैद्याच्या किंवा कार्यालयाच्या वेळा अनेकांनी मिळून संगणकीय आज्ञावलीद्वारे नोंदविण्याची पद्धती आता तालुक्याच्या गावीही पोचली आहे. गोंदिया जिल्ह्यातील गोरेगाव हे असेच एक गाव. मराठी, झाडीबोली, पोवारी, गोंडी व हिंदी यांचा येथे नित्य संपर्क असतो. अशा ठिकाणी ही पद्धती यशस्वी होण्यास केवळ यंत्रज्ञान पुरेसे नाही. नोंदणीशी कोणकोणत्या व्यक्ती संबद्ध असतात, हे आधी निश्चित करणे अगत्याचे आहे. या कामी मराठीच्या रूढ बोलण्याचे साहाय्य होते.

‘माझा नंबर लागला’, ‘मी नंबर लावला’, ‘नातवाने आजीचा नंबर लावून दिला’ ही तीन वाक्ये पाहावीत. ‘लागणे’ हे अकर्मक क्रियापद असून ‘लावणे’ हे त्याचे सकर्मक रूप होय. पुढे ‘घेणे’ जोडले असता कृतीचे फळ कर्त्याकडे येते. ‘देणे’ जोडले असता ते दुसऱ्याकडे जाते. म्हणजे नोंद करणारा आणि ज्याच्यासाठी नोंद झाली तो, हा भेद भाषेने क्रियापदातच सांभाळला आहे. नोंदवही राखणारा हा तिसरा घटक होय.

आता आज्ञावलीचे कार्य पाहू. दहा वाजताची एकच जागा शिल्लक असताना दोन ठिकाणांहून दोघांनी ती एकाच क्षणी मागितली, तर काय व्हावे? ‘जागा रिकामी आहे काय’ हे पाहणे आणि ‘ती दिली’ असे लिहिणे, या दोन क्रिया अविभाज्य असाव्या लागतात. त्यांच्यामध्ये क्षणाचे अंतर पडले तरी एकच वेळ दोघांना मिळते. म्हणून मागणी येताच जागा काही मिनिटे राखून ठेवतात आणि मुदतीत पुष्टी न मिळाल्यास ती पुन्हा खुली करतात.

हा पहिला प्रश्न यंत्राचा झाला. दुसरा माणसांचा आहे. कोविड लसीकरणासाठी २०२१ मध्ये उपयोगात आलेली ‘कोविन’ ही व्यवस्था त्याचे ठळक उदाहरण होय. तीत एका भ्रमणध्वनी क्रमांकावर चार व्यक्तींची नोंद करता येई. जानेवारी २०२२ मध्ये ही मर्यादा सहा झाली. खातेधारक व लाभार्थी यांचा भेद येथे मानला गेला होता. परंतु १ मे २०२१ पासून १८ ते ४४ वयोगटासाठी पूर्वनोंदणी अनिवार्य झाली आणि कोणत्याही केंद्राची वेळ कोठूनही घेता येऊ लागली. परिणामी शहरातील नागरिक ग्रामीण केंद्रांवर पोचल्याच्या तक्रारी महाराष्ट्रात झाल्या. ज्यांच्या घरी ‘लावून देणारा’ कोणी नव्हता, त्यांच्या गावची जागा दुसऱ्याच्या नावे गेली. व्यवस्थेची भाषाही आरंभी इंग्रजी होती. मराठी जून २०२१ मध्ये आली. सर्वोच्च न्यायालयाने ३१ मे २०२१ च्या आदेशात या विषमतेची दखल घेतली. २१ जूनपासून सर्वांना प्रत्यक्ष केंद्रावर नोंदणीची मुभा मिळाली.

यावरून काही निष्कर्ष निघतात. नोंद करणारा व लाभार्थी यांची नावे वेगळ्या रकान्यांत असावीत. वेळ बदलल्याची सूचना दोघांनाही जावी. अन्यथा नातू परगावी असताना आजी जुन्याच वेळेस रुग्णालयाच्या दारी येऊन बसेल. नोंद रद्द करण्याचा अधिकार कोणाचा, हे आधीच ठरलेले असावे. रोजच्या काही जागा दारी येणाऱ्यांसाठी राखाव्यात आणि त्यांची नोंद त्याच वहीत व्हावी; दोन वह्या झाल्या की सामायिकपणा संपला.

‘नंबर लावून देणे’ या प्रयोगात दुसऱ्यासाठी केलेल्या कृतीची स्पष्ट जाणीव आहे. जी आज्ञावली ही जाणीव आपल्या रकान्यांत उतरवील, तीच गोरेगावच्या वृद्धेलाही आपली वाटेल.