पंप नसलेला स्विमिंग पूल

परीक्षा संपली की होस्टेलवर एकच गजर : कोकण! कर्वेनगरहून ताम्हिणी उतरलं की समुद्र जवळच. पण 1 फेब्रुवारी 2016 ला मुरूड-जंजिऱ्याला पुण्याच्याच एका कॉलेजचे 14 विद्यार्थी बुडाले, हे विसरून कसं चालेल?

मग समुद्रात पोहायचंच नाही का? पोहायचं, पण भिंतीच्या आत! किनाऱ्यावरच्या खडकात भिंत बांधून तलाव करतात. भरतीला लाटा भिंतीवरून आत येतात. ओहोटीला समुद्र मागे जातो, पाणी मात्र आतच राहतं. सुमारे साडेबारा तासांनी पुन्हा भरती, पुन्हा ताजं पाणी. मी मेकॅनिकलची, त्यामुळे मला सगळ्यात भारी वाटलं ते हे, की इथे पंपच नाही!

खरी मेख भिंतीच्या उंचीत आहे. भिंत फार उंच झाली, तर पाणी फक्त अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणालाच बदलणार. फार बुटकी झाली, तर लाटा आपल्यालाच बाहेर ओढणार. सिडनीचा वायलीज बाथ्स हा असाच तलाव 1907 पासून आहे.

आपल्याकडे हरिहरेश्वरच्या खडकांत ओहोटीला पाणी साचतं. दिसायला अगदी नॅचरल पूल! पण तिथे लाट अडवायला भिंत नाही, आणि भरती कुणाला विचारून येत नाही. म्हणून ट्रिपच्या यादीत सनस्क्रीनच्या आधी भरती-ओहोटीच्या वेळा लिहा. आणि गावातले काका-मावशी 'आता नको' म्हणाले, तर मुकाट्याने बाहेर या.