अफझलगंजचा कुतुबखाना आणि आमची चार कपाटे

हैदराबादेतल्या जुन्या मराठी घरांना अफझलगंज ठाऊक असते ते दोन कारणांनी. परगावी जाणाऱ्या खाजगी गाड्यांच्या कचेऱ्या तिथे आहेत, आणि मुसीच्या काठी, उस्मानिया दवाखान्याच्या शेजारी, आसफिया ग्रंथालयाची भव्य इमारत तिथे आहे. पहिल्या कारणासाठी आपण वर्षातून दोन-तीनदा तरी तिकडे जातो. दुसऱ्या कारणासाठी किती जण जातात, हे ज्याचे त्याने आपल्याशीच विचारून पाहावे.

हा कुतुबखाना 1891 साली इमाद-उल-मुल्क सय्यद हुसेन बिलग्रामी यांच्या पुढाकाराने स्थापन झाला. पहिली बरीच वर्षे तो आबिडच्या बाजूला होता. 28 सप्टेंबर 1908 च्या महापुराने मुसीचे दोन्ही तीर धुऊन नेले आणि त्यानंतर शहराची जी नवी बांधणी झाली, तिच्यात नदीकाठी हायकोर्ट, दवाखाना अशा एकेक इमारती उठत गेल्या. त्याच रांगेत 1936 साली ग्रंथालयही अफझलगंजला आले. पुढे हैदराबाद राज्याचा 1955 चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाला आणि दरबारचा कुतुबखाना राज्य मध्यवर्ती ग्रंथालय बनला. उर्दू, फारसी, अरबी, तेलुगू, इंग्रजी यांच्या जोडीला मराठी पुस्तकेही तिथे आहेत.

पण आज मला लिहायचे आहे ते या राजवाड्याविषयी नव्हे, त्याच्या आसपास, अर्ध्या-एक कोसाच्या टापूत, तुमच्या-आमच्या वर्गणीवर जगत आलेल्या लहान ग्रंथालयांविषयी. शालीबंड्याची भारत गुणवर्धक संस्था 1895 सालची. सुलतान बाजारातले श्रीकृष्णदेवराय आंध्रभाषा निलयम 1901 सालचे. इसामिया बाजारातले मराठी ग्रंथ संग्रहालय तर आपल्यापैकी पुष्कळांच्या घरोब्याचे. यांतले एकही सरकारी फर्मानाने निघाले नाही. चार गृहस्थ एकत्र बसले, चंदा जमवला, एक खोली मिळवली आणि कपाट आणले. बहुतेक लहान ग्रंथालयांचा जन्म असाच झालेला असतो.

त्या काळी हे काम वाटते तितके सोपे नव्हते. निजामी राजवटीत सार्वजनिक सभेला आधी इजाजत घ्यावी लागे. 1929 सालची गश्ती क्रमांक 53 जुन्या मंडळींच्या चांगलीच स्मरणात होती. सभा भरवायला परवानगी नाही, पण वर्तमानपत्र वाचायला बाकावर दहा माणसे बसली तर ती सभा म्हणायची की वाचन? या प्रश्नाच्या आडोशाला या संस्थानात मराठी, तेलुगू आणि कानडी या तिन्ही भाषांतली सार्वजनिक जागृती वाढली. लहान वाचनालयाचे हे पहिले मोल आहे. तिथे पुस्तक मिळते हे खरेच, पण एरवी एकमेकांच्या घरी न जाणारी माणसेही तिथे शेजारी-शेजारी बसतात.

या नदीकाठच्या अशाच एका लहान मराठी ग्रंथालयाच्या कार्यकारिणीवर मी काही वर्षे काम केले आहे. त्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण सगळ्यांचा जमाखर्च थोड्याफार फरकाने सारखाच असतो. तो वाचकांपुढे ठेवतो. नुसत्या कळवळ्यापेक्षा आकडा अधिक बोलतो.

समजा, ग्रंथालयाचे 200 सभासद आहेत आणि महिन्याची वर्गणी 30 रुपये आहे. सगळ्यांनी ती वेळेवर भरली, असेही क्षणभर धरू. वर्षाचे झाले 72,000 रुपये. ग्रंथपालाला महिना 8,000 रुपये दिले, आणि एवढ्यात आजकाल कुणाचे घर चालत नाही, तरी वर्षाचे 96,000 होतात. म्हणजे एकही पुस्तक न घेता, दिवा न लावता, वर्तमानपत्राचे बिल न देता, बांधणीला एकही पुस्तक न पाठवता 24,000 रुपयांची तूट! वर्गणी वाढवावी, तर निवृत्त माणूस आणि शिकणारे पोर हे दोन खरे वाचक सर्वांत आधी गळतात. मग ही तूट भरते कशी? कायम निधीच्या व्याजातून, सभागृहाच्या भाड्यातून आणि देणग्यांतून. बँकेचा व्याजदर एका टक्क्याने उतरला की त्या वर्षी दिवाळी अंकांची यादी आखूड होते. अर्थशास्त्राचा हा धडा मी कोणत्याही ग्रंथात वाचला नाही, खतावणीत वाचला.

यातल्या प्रत्येक पैशाला स्वतःची एक इच्छा असते. सभागृहाला लग्न-मुंजीचे भाडे अधिक येते, म्हणून आधी एक रविवार जातो, मग वाचनकक्षाची खुर्ची जाते. देणगीदाराला कपाटावर नाव हवे असते आणि ते त्याला जरूर द्यावे. पण कपाटात काय ठेवायचे हेही तोच ठरवू लागला, तर ते त्याचे घर झाले, ग्रंथालय राहिले नाही. जुने वाडे पाडून सदनिका उठतात तेव्हा पुस्तकांचे गठ्ठे दारात येऊन पडतात. त्यांत 'ययाती'च्या प्रती इतक्या येतात की खांडेकरांच्या लोकप्रियतेला वंदन करून पुढच्या दात्याला हात जोडावे लागतात. आमचा नियम साधा होता: देणगीचे पुस्तक नाकारायचे नाही, पण प्रत्येक पुस्तक फळीवर लावण्याचे वचनही द्यायचे नाही. या एका वाक्यावरून माणसे दुखावली जातात. तरी ते वाक्य छापील पावतीवर असलेले बरे.

लहान ग्रंथालयांच्या पैशाचा प्रश्न संस्थानी राज्यांनी पूर्वीच ओळखला होता. बडोद्याला सयाजीराव महाराजांनी 1910 साली अमेरिकेहून बॉर्डन या तज्ज्ञांना बोलावून आणले आणि गावोगाव ग्रंथालये काढली. तिथला दंडक मोठा शहाणपणाचा होता. एक वाटा लोकांनी जमवायचा, तेवढाच पंचायतीने आणि तेवढाच सरकारने घालायचा. लोकांचा वाटा आला नाही, तर सरकारचाही नाही. कोल्हापूर संस्थानाने तर 1945 सालीच ग्रंथालयाचा कायदा केला. मद्रासचा कायदा त्यानंतर तीन वर्षांनी आला.

आपल्याकडे 1960 च्या आंध्र प्रदेश कायद्याने घरपट्टीबरोबर ग्रंथालय उपकर बसवला. रुपयामागे आठ पैसे हा त्याचा दर. म्हणजे या शहरात ज्याचे घर आहे, तो प्रत्येक मराठी गृहस्थ ग्रंथालयासाठी कर भरत आलेलाच आहे. पुष्कळांना त्याची वार्ताही नसते. तो पैसा प्रामुख्याने जिल्हा व शहर ग्रंथालय संस्थांच्या शाखांसाठी असतो. महाराष्ट्राचा कायदा 1967 चा. त्यात उपकर नाही. लोकांनी चालवलेल्या ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे वर्ग लावून अनुदान देण्याची रीत आहे. पण तो कायदा महाराष्ट्राच्या वेशीवर थांबतो. 1 नोव्हेंबर 1956 ला मराठवाडा तिकडे गेला आणि आपण इकडे राहिलो. तेव्हापासून आपल्या मराठी ग्रंथालयांची स्थिती माहेरही लांब आणि सासरही मोठ्या कुटुंबाचे, अशी झाली आहे.

म्हणूनच अधूनमधून बैठकीत एक सूचना येते, आणि ती टवाळीने उडवून लावण्यासारखी नाही. मुले इंग्रजी शाळेत जातात, देवनागरी अडखळत वाचतात, सभासद वर्षागणिक कमी होतात. मग सगळी पुस्तके अफझलगंजला देऊन मोकळे का होऊ नये? तिथे छप्पर पक्के आहे, नोकरवर्ग सरकारी आहे, आणि मराठी विभाग आहेच.

माझे मत असे. दुर्मिळ ते अवश्य मोठ्या घरी जावे. निजामी काळात इथे छापलेल्या मराठी पुस्तिका, लक्ष्मणराव फाटक यांनी 1920 साली काढलेल्या 'निजाम विजय'सारख्या पत्रांचे जुने अंक कुणाच्या माळ्यावर असतील तर ते, हे सारे आमच्या कपाटात वाळवीला नैवेद्य म्हणून ठेवण्यात अर्थ नाही. त्यांची छायाप्रत करून एक प्रत इथे आणि मूळ सुरक्षित जागी, हाच उपाय. सेतुमाधवराव पगडींसारखे फारसी आणि उर्दू जाणणारे मराठी अभ्यासक याच मातीने दिले; पुढच्या अभ्यासकाला तीनही भाषांचे कागद एका छपराखाली मिळाले तर बरेच.

पण चालते ग्रंथालय देता येत नाही, कारण ते पुस्तकांपुरते नसते. रंगनाथनांनी 1931 साली मांडलेल्या पाच सूत्रांत एक असे आहे की प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. मोठ्या ग्रंथालयात वाचक पुस्तक शोधतो. लहान ग्रंथालयात ग्रंथपालच ओळखीच्या आजींना सांगतो, "मावशी, तुम्ही मागितलेला तो दुसरा भाग परत आलाय, ठेवून दिलाय." एवढी ओळख कोणत्याही सरकारी आदेशाने बदली होऊन जात नाही.

मात्र हे टिकवायचे तर किंमत द्यावी लागेल, आणि ती पैशाहून अवघड आहे. आपल्या संस्था पूर्वी 1350 फसलीच्या नोंदणी कायद्याखाली नोंदल्या जात. 2001 पासून नवा कायदा आहे. दोहोंचे मर्म एकच, की संस्था सभासदांची आहे आणि सभासदांनी वर्षातून एकदा हिशेब पाहावा. प्रत्यक्षात काय घडते? वार्षिक सभेची वेळ होते, खुर्च्या रिकाम्या असतात, गणसंख्येअभावी सभा तहकूब होते आणि अर्ध्या तासाने त्याच जागी, त्याच सात माणसांत, गणसंख्येची अट न लागता पुन्हा भरते. अहवाल मंजूर, हिशेब मंजूर, चहा. या अर्ध्या तासात ग्रंथालय लोकांच्या हातून निसटते. चांगली समिती असली तर ती थकते. वाईट असली तर सोकावते. दोहोंना विचारणारा कुणी नसतो.

चार प्रश्न विचारणारा सभासद मला मोठ्या देणगीदाराइतकाच मोलाचा वाटतो. यंदा किती पुस्तके घेतली? त्यांतली किती एकदाही बाहेर गेली नाहीत? सभागृहाचे भाडे कुठे खर्ची पडले? मुलांच्या कपाटाची किल्ली कुणाकडे असते? एवढे विचारले तरी पुढच्या वर्षीचा अहवाल निराळा लिहिला जातो, हे मी पाहिले आहे.

तेव्हा जुन्या घरांना माझी विनंती लहानशी आहे. घरात चार माणसे असतील, तर एकाच्या नावे वर्गणी भरा. महिन्यातून एकदा नातवाला बरोबर न्या आणि पुस्तक त्यालाच निवडू द्या. आणि वार्षिक सभेची सूचना येईल तेव्हा ती रद्दीत न टाकता, वेळेवर जाऊन बसा. तो तहकुबीचा अर्धा तास वाचला, तर ग्रंथालय वाचण्याची आशा आहे.