सहा कळदार, सात हाली

चिचगडहून पूर्वेकडे निघाले की जवळच छत्तीसगड राज्याची हद्द लागते. हद्द ओलांडली तरी खिशातला रुपया तोच राहतो. पण विद्यार्थी मित्रांनो, आजच्या महाराष्ट्रातच एके काळी अशी एक हद्द होती, की ती ओलांडताच पैशाचा सगळा हिशेब बदले.

सोलापूर ब्रिटिशांच्या मुंबई इलाख्यात होते, तर जवळचेच तुळजापूर निजामाच्या हैदराबाद संस्थानात. सोलापुरात ब्रिटिश रुपया चाले. कळ म्हणजे यंत्र; यंत्रावर पाडलेला म्हणून त्याला ‘कळदार’ म्हणत. संस्थानाचा रुपया ‘हाली’ म्हणून ओळखला जाई. दोन्ही रुपयेच, पण साधारणपणे सहा कळदारांना सात हाली मिळत. दोन चलनांमधील अशा भावाला हुंडणावळ म्हणतात.

हे प्रमाण आले कोठून? उत्तर तराजूवर मिळते. १९४० पूर्वीचा चांदीचा कळदार रुपया ११.६६ ग्रॅम वजनाचा असून त्यातील ११/१२ भाग चांदी असे. म्हणजे शुद्ध चांदी सुमारे १०.६९ ग्रॅम. निजाम मीर उस्मान अली खान याच्या काळातील चांदीचा हाली रुपया सुमारे ११.१८ ग्रॅमचा होता आणि त्यात चांदी शेकडा ८१.८ होती, म्हणजे सुमारे ९.१४ ग्रॅम. आता ९.१४ ला १०.६९ ने भागा. उत्तर ०.८५५ येते. सहा सप्तमांश म्हणजे ०.८५७! दोन्ही आकडे किती जवळ आहेत पाहा.

समजा, एक यात्रेकरू ३० कळदार घेऊन तुळजापूरला निघाला. त्याला ३० × ७/६ = ३५ हाली मिळाले पाहिजेत. घाईत अपूर्णांक उलटा झाला, तर उत्तर २५.७ येईल आणि नऊ रुपयांवर पाणी सोडावे लागेल. यावर सोपा ताळा असा: ज्या नाण्याची किंमत कमी, त्याची संख्या जास्त आलीच पाहिजे. सेंटिमीटर लहान, म्हणून एका मीटरात ते शंभर भरतात, तसेच हे.

पण मोड फुकट मिळत नसते. सराफाने दर वेळी शेकडा २ बट्टा कापला असे धरू. मग ३५ ऐवजी ३४.३० हाली हातात पडतील. काहीही खरेदी न करता तेच परत बदलले, तर सुमारे २८.८१ कळदार उरतील. जवळजवळ सव्वा रुपया केवळ अदलाबदलीत गेला! यंत्रात ऊर्जेचे रूप बदलताना दर वेळी थोडी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते, त्याचीच ही आठवण.

१९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले आणि पुढील दशकात हाली चलन इतिहासजमा झाले. परदेशी जाणाऱ्या प्रवाशाला मात्र आजही हेच गणित करावे लागते. बँकेचा विकण्याचा दर वेगळा, विकत घेण्याचा वेगळा. मधला फरक हाच आजचा बट्टा. म्हणून तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. सर्व खर्च एकाच चलनात मांडावा. प्रत्येक आकड्यापुढे चलनाचे नाव लिहावे. आणि पैसे लागतील तेवढेच, कमीत कमी वेळा बदलावेत.

आता एक उदाहरण तुमच्यासाठी. १९९३ पासून १०० भारतीय रुपये म्हणजे १६० नेपाळी रुपये असा दर ठरलेला आहे. काठमांडूत २४० नेपाळी रुपयांना मिळणारी शाल आपल्या किती रुपयांची? उत्तर काढा, पण आधी ते २४० पेक्षा मोठे येईल की लहान, ते सांगा.