गोंडवन आणि प्रशांत महासागरातील बेटे

प्रशांत महासागराचा नकाशा वर्गाच्या भिंतीवर टांगला, म्हणजे एटापल्ली, सिरोंचा किंवा राजुरा भागातील विद्यार्थ्यास तो परका वाटतो, व ते साहजिकही आहे. समुद्र त्याने बहुधा पाहिलेला नसतो. मग समुद्रातील बेटांचे त्यास काय? तथापि त्याच नकाशातील न्यूझीलंड व न्यू कॅलेडोनिया ह्या बेटांच्या जन्माची हकीकत जगातील कोणत्याही भाषेत सांगावयाची झाली, तरी तीत एक शब्द आल्यावाचून राहत नाही, आणि तो शब्द ह्या विद्यार्थ्याच्या मुलुखाचा आहे. तो शब्द म्हणजे गोंडवन.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे हेन्री मेडलिकॉट यांनी १८७२ मध्ये मध्य भारतातील कोळसायुक्त खडकांच्या मालिकेस ‘गोंडवाना’ हे नाव योजिले. गोंडांची जुनी राज्ये ज्या प्रदेशात नांदली, त्यावरून ते घेतलेले होते. चांद्याचे राज्य त्यांपैकीच एक. ऑटो फाइस्टमांटेल यांनी १८७६ मध्ये ते प्रथम छापून प्रसिद्ध केले. पुढे १८८५ मध्ये ऑस्ट्रियातील भूशास्त्रज्ञ एडुआर्ड झ्यूस यांनी दक्षिणेकडील खंडांच्या प्राचीन एकत्रित भूमीस ‘गोंडवाना-लँड’ म्हटले. नावात वन आधीच असता पुढे आणखी भूमी जोडणे ही द्विरुक्ती झाली खरी, पण ती रूढ झाली. गोंड लोक स्वतःस कोईतूर म्हणवितात, हेही विद्यार्थ्यांस अवश्य सांगावे. मधला भूभाग समुद्रात बुडाला असे झ्यूस मानीत असत. खंड स्वतःच सरकत दूर गेले, हे विसाव्या शतकात सिद्ध झाले.

ह्या एकत्वाची साक्ष आपल्या पायांखाली आहे. बल्लारपूर, घुग्घुस व माजरी येथील दगडी कोळसा सुमारे २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलीतील अरण्यांपासून बनला. त्या अरण्यांतील प्रमुख वृक्षाचे नाव ग्लॉसोप्टेरिस. त्याचे पान जिभेच्या आकाराचे असून कोळशालगतच्या पापुद्र्यांच्या दगडात त्याचे ठसे उमटलेले आढळतात. दक्षिण ध्रुवावरून परतताना मृत्यू पावलेल्या कॅप्टन स्कॉट यांच्या तुकडीजवळ १९१२ मध्ये सुमारे १६ किलो दगड सापडले. अन्नावाचून व थंडीने प्राण जात असताही त्या लोकांनी ते टाकले नव्हते. त्यांत ह्याच ग्लॉसोप्टेरिसचे ठसे होते. चांद्याच्या कोळशातील पान अंटार्क्टिकाच्या बर्फात!

त्याहूनही नवलाची गोष्ट चंद्रपूरच्या पश्चिमेस इरई गावाजवळ आढळली. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे फेडन यांना १८७० च्या दशकात तेथे जुन्या चुनखडकाचा पृष्ठभाग घासून गुळगुळीत झालेला व समांतर ओरखड्यांनी भरलेला दिसला. वर लहानमोठ्या धोंड्यांचा थर होता. असे ओरखडे हिमनदी आपल्या तळाशी दगड घेऊन सरकते तेव्हा पडतात. ज्या जिल्ह्यात वैशाखात शाळा भरविणे कठीण, तेथे एके काळी बर्फ होते; कारण तेव्हा ही भूमी दक्षिण ध्रुवाच्या बरीच जवळ होती.

सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वी गोंडवनाचे तुकडे होऊ लागले. भारत उत्तरेस सरकून आशियास भिडला व हिमालय उचलला गेला. न्यूझीलंड व न्यू कॅलेडोनिया ज्या तुकड्यावर आहेत, तो सुमारे ८ कोटी वर्षांपूर्वी ऑस्ट्रेलियापासून सुटला. त्याचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला असून उंच भाग तेवढे बेटांच्या रूपाने वर राहिले. अरौकेरिया वृक्षाच्या जगातील सुमारे २० जातींपैकी बहुसंख्य एकट्या न्यू कॅलेडोनियात आहेत, आणि न्यूझीलंडमधील कौरी वृक्ष त्याच कुळातील. मावरी लोक न्यूझीलंडमध्ये पोहोचले ते तेराव्या शतकाच्या सुमारास, म्हणजे ही अरण्ये मनुष्यावाचून कोट्यवधी वर्षे वाढली. सर्व बेटे अशी नाहीत, हे मात्र स्पष्ट करावे. हवाई बेटे ज्वालामुखीतून निर्माण झाली. गोंडवनाशी त्यांचा संबंध नाही. गंमत अशी की दख्खनच्या काळ्या पाषाणातील लाव्ह्याच्या थरांना भूशास्त्रज्ञ ‘पाहोईहोई’ व ‘आआ’ ही हवाईच्या भाषेतील नावे देतात. तो पाषाण माणिकगडच्या डोंगरातही आहे.

सिरोंचा तालुका ह्या दृष्टीने विशेष होय. तेथील कोटा गावावरून एका खडकमालेस ‘कोटा’ हे नाव मिळाले. ह्याच तालुक्यातील पोचमपल्लीजवळ १९६० व १९६१ मध्ये कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने एका प्रचंड शाकाहारी डायनोसॉरची सुमारे ३०० हाडे काढली. ते रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीचे वर्ष असल्यामुळे १९७५ मध्ये त्या प्राण्यास ‘बारापासॉरस टागोराय’ असे नाव दिले गेले. बारापा म्हणजे मोठा पाय. कोटा खडकांतच, परंतु तेलंगणाच्या बाजूस, तुआतारा नामक सरपटणाऱ्या प्राण्याचे प्राचीन नातलग आढळले व २००१ मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्या काळी हा गट जगभर पसरलेला होता. आज त्याचा एकच वंशज उरला आहे, व तो न्यूझीलंडमध्ये.

वडधम येथे दगड झालेले ओंडके जीवाश्म उद्यानात राखले आहेत. पण असे अवशेष उद्यानाच्या कुंपणापाशी संपत नाहीत. शेताच्या बांधावर वा ओढ्याच्या काठी तेही निघतात. कुतूहलाने तुकडा फोडून नेणे मुलांस स्वाभाविक वाटते, परंतु जागेवरून हललेला ओंडका कोणत्या थरातला, कोणत्या दिशेस पडलेला, हे पुन्हा कळत नाही. असा दगड आढळल्यास तो शाळेच्या कपाटात आणू नये. जागीच त्याचे चित्र विद्यार्थ्यांकडून काढवून घ्यावे, लांबी मोजून गावाचे नाव, दिनांक व जवळची खूण वहीत लिहवावी आणि वनखात्याच्या जवळच्या कार्यालयास कळवावे.