अंगावर पाजताना दिवस जातात का?

“लेकरू अंगावर पितंय, तवर दिवस जात न्हाईत. भिऊ नगं.”

शिवाजी पेठेत माहेरी बाळंतपणाला आलेल्या लेकीला आई असे सांगते. हे अर्धे खरे आहे. उरलेल्या अर्ध्यात फसगत होते.

बाळ चोखते, तेव्हा आईच्या मेंदूला खूण मिळते आणि स्त्रीबीज पिकायचे थांबते. मात्र बाळ ६ महिन्यांच्या आतले हवे. पाळी सुरू झालेली नसावी. आणि बाळ दिवसरात्र फक्त अंगावरच पीत असावे. गुटी नको, पाणीसुद्धा नको. एवढे सांभाळले, तर या ६ महिन्यांत १०० बायांपैकी साधारण दोघींनाच दिवस जातात. १९८८ साली इटलीत जमलेल्या शास्त्रज्ञांनी हे पडताळून सांगितले.

पुढे उष्टावण होते, चोखणे कमी होते. मग बीज पुन्हा पिकते. “पाळी आल्यावर बघू,” असे म्हणू नका. बीज आधी सुटते, पाळी त्यानंतर दोनेक आठवड्यांनी येते. त्या वेळीच दिवस गेले, तर पाळी येतच नाही. बाईला वाटते, दुधामुळे पाळी नाही! कळते तेव्हा तिसरा-चौथा महिना असतो. पहिल्या बाळंतपणाची झीजही भरलेली नसते.

कोल्हापुरात सी. पी. आर. दवाखान्यात, गावी आरोग्य केंद्रात विचारा. तांबी बाळंतपणानंतर ४८ तासांत बसवतात, नाहीतर ६ आठवड्यांनी. ‘छाया’ गोळी आहे. ६ आठवड्यांनंतर ‘अंतरा’ इंजेक्शन दर ३ महिन्यांनी घेता येते. यांनी दूध आटत नाही. ‘माला-एन’ गोळी मात्र पहिले ६ महिने नको. तिने दूध कमी होऊ शकते. आणि निरोध तर कारभाऱ्यांनीच वापरायचा.